डाव्या कोपऱ्यातली लुकलुक

हुबळीत सगळ्यांत शिस्तीने लॉरी चालवणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या घरमालकांकडे बोट दाखवीन. सिग्नल मोडणार नाहीत, गाव आलं की वेग कमी, वळणाच्या आधी दिवा, पाऊस लागला की वायपर, आणि दर दोन तासांनी गाडी कडेला घेऊन चहा. अडचण एवढीच, की त्यांनी आयुष्यात खऱ्या लॉरीला हातसुद्धा लावलेला नाही. त्यांची लॉरी गोकुळ रोडच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरमध्ये चालते. परदेशातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला माल पोचवायचा, असा तो खेळ आहे. घरमालकांचं वय चौसष्ट. "उद्या भेटत नाही अक्का, लांबचा लोड आहे," असं गेटपाशी मला गंभीरपणे सांगून ते जिना चढतात, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाहीत.

मी त्यांची भाडेकरू. खालच्या मजल्यावर माझं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. मी त्यांना अण्णा म्हणते आणि ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणतात. आमच्याकडे असंच चालतं. अण्णा तारिहाळच्या एका पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं होते. तिथे त्यांचं काम म्हणजे फिरणारी यंत्रं पाहणं. मोटारीचा दांडा फिरताना केसाएवढा जरी लंगडला तरी अण्णांना नुसत्या नजरेने कळे. मग मीटर लावायचे, आणि मीटर तेच सांगायचं. एकदा मीटरने वेगळं सांगितलं, तर अण्णांनी मीटर दुरुस्तीला पाठवलं. आणि मीटरच बिघडलेलं निघालं. तेव्हापासून "मीटर चुकंल, माझा डोळा चुकणार नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. निवृत्तीनंतर नजरेला काम उरलं नाही, म्हणून ती गावभर फिरू लागली. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी ते उठले आणि नवरानवरीच्या डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला, कारण त्याचं एक पातं खाली होतं. एप्रिल महिना. नवरीचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं, मुलीकडचे लोक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. कार्यालयाच्या माणसाने दुसऱ्या दिवशी पंखा उतरवला तर आतला नट निम्मा बाहेर आलेला होता. हे अण्णांनी कुणालाही सांगितलं नाही. मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं.

खेळाची त्यांना मुळात काही आवड नव्हती. पुतण्याच्या घरी तो खेळ चाललेला त्यांनी पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं, की गाडी वळली की चित्र मध्येच फाटतं. वरचं अर्धं एकीकडे, खालचं अर्धं दुसरीकडे. पुतण्याला ते चार वर्षांत दिसलं नव्हतं. अण्णांना त्या रात्री झोप लागली नाही.

ते का फाटतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, मी न विचारता. "लग्नाची पंगत बघा अक्का. साधा मॉनिटर म्हणजे मोजून पावलं टाकणारा वाढपी. तुमच्या पानावरचा भात संपला असो की नसो, त्याची वेळ झाली की तो वाढणार. मग अर्धा जुना भात, अर्धा नवा. चित्र तसंच फाटतंय. आणि हा नवा मॉनिटर म्हणजे शहाणा वाढपी. तो थांबतो. पान रिकामं झालं की वाढतो, लवकर झालं तर लवकर, उशिरा झालं तर उशिरा. कळलं की नाही?" मला कळलं. मी म्हटलं, "मग घ्या की तो, अण्णा. मला वर का बोलावलंत?" त्यांनी तो आधीच घेतला होता. मला बोलावलं होतं ते साक्षीला.

एवढ्यावर भागलं असतं. पण चित्र तयार करणारं जे कार्ड असतं, ते अण्णांना एक नको होतं, दोन हवी होती. कारखान्यात एका दांड्यावर दोन मोटारी बरोबरीने चालवून दाखवणं हा त्यांचा मोठा पराक्रम होता, आणि तोच त्यांना घरी पुन्हा करायचा होता. दुकानदारांनी सांगून पाहिलं, की साहेब, ती फॅशन गेली, आता नवे खेळ दुसऱ्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाहीत. अण्णा म्हणाले, "माझा खेळ जुना आहे." एकाच कंपनीची, एकाच बनावटीची दोन जुनी कार्डं जमवायला त्यांना सहा महिने लागले, मुलीला स्थळ बघायला तीन लागले होते, असं काकू म्हणतात. दोन कार्डं आळीपाळीने चित्रं पाठवू लागली आणि नवीनच भांडण सुरू झालं. पंगतीच्या भाषेत सांगायचं तर एक आचारी भात धाडणार, दुसरा त्यावरचं सारू धाडणार, दुसरा जरा मंद, आणि बिचाऱ्या शहाण्या वाढप्याला कळेना थांबायचं कुणासाठी. लॉरी ठेचकाळत चालायची. त्या दोघांची चाल जुळवण्यात अण्णांनी एक वर्ष घालवलं. "घरात दोन पंखे एका वेळी लावू देत नाहीत, त्या डब्यात पाच फिरतायत," एवढंच काकू म्हणत आणि मालिका बघायला निघून जात.

साक्षीदार म्हणून काकू बाद होत्या, कारण त्या न बघताच "छान आहे" म्हणत. त्यामुळे मी. "तुम्हांला कशातच रस नाही अक्का, म्हणून तुमची साक्ष खरी," असं अण्णांनी तोंडावर सांगितलं. मग आठवड्यातून एकदा, मिरचीने लाल झालेले हात पदराला लागू न देता, मी वर जाऊन उभी राहत असे. अण्णा लॉरी वळवत. "आता फाटलं?" "नाही." "दचकलं?" "नाही." "बरं, जावा." त्यात माझी पाच मिनिटं जात. घर चांगलं आहे, मालक भाडं वाढवत नाही. पाच मिनिटं देणं मला परवडत होतं.

या वर्षी फेब्रुवारीत मात्र परवडेना. मिरचीचा हंगाम. ब्याडगीची पोती दारापर्यंत लागलेली, बायका डबे घेऊन रांगेत. त्यात अण्णा हातात मीटर घेऊन खाली आले. "अक्का, तुमचं यंत्र सुरू झालं की माझ्याकडे लुकलुक होते." डाव्या कोपऱ्यात, बारीक वीज चमकल्यासारखी. उजेड असला की होत नाही. लॉरी बोगद्यात शिरली, चित्र काळोखं झालं, की हटकून. या थांबणाऱ्या मॉनिटरांना असा रोग असतोच, अंधारात ते लुकलुकतात, असं त्यांनी वाचलं होतं, आणि त्याचं कारण माझ्या यंत्रामुळे पडणारा विजेचा दाब हे त्यांनी स्वतः शोधलं होतं. मी दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवायला कबूल झाले. रांगेतल्या बायकांनी माझा उद्धार केला. लुकलुक थांबली नाही. अण्णांनी केबल बदलली. मग दुसरी बदलली. मग पहिलं कार्ड काढून दुसऱ्यावर चालवलं, दुसरं काढून पहिल्यावर चालवलं, पुन्हा दोन्ही लावली. खिडक्यांना घोंगड्या टांगल्या. मी दोनदा वर जाऊन साक्ष दिली, की मला काही दिसत नाही. अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तुमचं लक्ष पोत्यांत आहे, अक्का!" ते खरंच होतं.

तीन आठवडे असे गेले. एका दुपारी रांगेतल्या एका म्हातारीने, मी यंत्र बंद केलेलं पाहून, "काय यव्वा, मालकाची झोपेची वेळ झाली काय?" असं सगळ्यांसमोर विचारलं, आणि मी तशीच तरातरा जिना चढले. म्हटलं, आज काय तो निकाल लावू.

"अण्णा, दाखवा कुठे आहे ती लुकलुक."

खोलीत मिट्ट काळोख. लॉरी बोगद्यात. मी डावा कोपरा डोळे न मिटता बघत होते.

"आत्ता! दिसली?"

"नाही."

"परत! अहो, समोर दिसतेय की!"

मी वाकले आणि मॉनिटरची पिन भिंतीतून उपटली. अण्णा ओरडले, "अहो अक्का, असं चालू असताना..." आणि वाकून बंद स्क्रीनकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "परत झाली."

"कुठे?"

"कोपऱ्यात."

"कशाच्या कोपऱ्यात, अण्णा? स्क्रीन बंद आहे."

तरी माणूस हार मानेल तर शपथ. "आत थोडा करंट शिल्लक राहतो, अक्का. कपॅसिटर असतात." मी म्हटलं, "कपॅसिटर राहू देत. दोन्ही डोळे मिटा." त्यांनी मिटले. खाली रांगेतल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. शेवटी अण्णा म्हणाले, "मिटले तरी होतेय." मग डोळे उघडून म्हणाले, "उघडले तरी होतेय."

मला वैद्यकी येत नाही. पण मिरचीचं काम करणाऱ्या बाईचा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यायेण्याचा परिपाठ असतो, आणि तिथे ताटकळताना भिंतीवरचा तक्ता मी इतक्या वेळा वाचला आहे की तो मला कानडीतून पाठ आहे. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखी दिसली, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगले, की त्याच दिवशी या. मी विचारलं, "ठिपके दिसतात काय?" अण्णा म्हणाले, "ते स्क्रीनवरची धूळ. रोज पुसतो मी." मी त्यांना जिन्यावरून खाली आणलं, रांगेतल्या बायकांना "आज नाही, उद्या या" म्हटलं, आणि स्कूटरवर मागे बसवून थेट दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी मला दोनदा सांगितलं, की माझ्या स्कूटरचं मागचं चाक हलतंय.

दवाखान्यातही यंत्रावर हनुवटी टेकवल्याबरोबर ते डॉक्टरांना म्हणाले, "ही पट्टी अर्धा मिलिमीटर डावीकडे कललीय." डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ डोळ्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, डाव्या डोळ्याच्या आतलं पटल एका बाजूने सुटत आलं आहे, उद्या सकाळीच ऑपरेशन. "अशी चमक कधीपासून दिसत होती?"

"तीन आठवडे," अण्णा म्हणाले.

"आणि तीन आठवडे तुम्ही काय करत होता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "केबल बदलत होतो."

ऑपरेशननंतर दहा दिवस त्यांना पालथं पडून राहायचं होतं, तोंड खाली. अण्णांनी प्रस्ताव मांडला, की मॉनिटर कॉटखाली आडवा ठेवावा. काकूंनी त्या जागी परात आणि शेंगांची टोपली ठेवली. "तोंड खालीच आहे तर शेंगा सोला." दहा दिवसांत अण्णांनी एवढ्या शेंगा सोलल्या, की मी त्यांना शेंगांची चटणी कांडून दिली आणि ती अजून दोन्ही घरांत पुरते आहे. पालथ्या माणसाशी बोलायचं तर आपण जमिनीवर बसावं लागतं. एके दिवशी मी तशी बसले असताना ते परातीकडे बघत म्हणाले, "माझा डोळा चुकला, अक्का."

मला अशा वेळी गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "डोळा कुठे चुकला? तो तीन आठवडे खरंच सांगत होता. तुम्ही नाव माझ्या यंत्राचं घेतलंत." अण्णांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. "ते बी खरंच," म्हणाले.

डोळा वाचला, मधलं सगळं नीट दिसतं. डावी कड मात्र गेली. ती परत येणार नाही, डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं. घरात वावरताना कळत नाही. डावीकडून काकू आल्या तर अण्णा दचकतात, एवढंच. पण बरे झाल्यावर पहिल्यांदा लॉरी काढली तेव्हा एका चौकात डावीकडून आलेली गाडी त्यांना दिसली नाही. इतक्या वर्षांतला पहिला अपघात. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर चादर घातली आणि महिनाभर जिना उतरून माझ्या दुकानात बसू लागले. माझ्या पंख्यात, वजनकाट्यात, शटरमध्ये एकही दोष काढला नाही. रांगेतल्या बायकांना ते आवडलं, मला नाही. मीच एका रविवारी वर जाऊन चादर काढली. पाहते तर दुसरं कार्ड बाहेर, शोकेसमध्ये, कारखान्याने दिलेल्या घड्याळाशेजारी ठेवलेलं. मी विचारलं, तर म्हणाले, "दोघांची चाल जुळवत बसायची उमेद नाही आता. एकाने भागतंय." मी म्हटलं, "बरं. काढा लॉरी."

आता रविवारी कांडप बंद असतं तेव्हा मी अर्धा तास वर जाते. डाव्या बाजूला स्टूल टाकून बसते. मला त्या खेळात आजही काही गोडी नाही. माल कुठला, गाव कुठलं, लक्षात राहत नाही. डावीकडून काही आलं की सांगते. "डावीकडून बस." "डावीकडून लाल गाडी, थांबा." अण्णा थांबतात, दिवा लावतात, मग निघतात. वेग अजूनही कधी ओलांडत नाहीत. फक्त बोगदा आला की त्यांचा पाय आपोआप उचलला जातो आणि लॉरी मंदावते. पूर्वी ते अशा वेळी "दिसलं?" म्हणून विचारत. आता विचारत नाहीत. मी थोडा वेळ त्या काळ्या कोपऱ्याकडे नीट बघते.

"डावीकडे काही नाही, अण्णा," मी म्हणते. "चला."