चिठ्ठीबाईंचं ताट

चिठ्ठीबाई कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. सलाम झाला की पहिला प्रश्न ठरलेला : "तुम्हाला काय येतं?" परळच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नव्यानं आलेला माणूस गडबडे. "विशेष काही नाही," असं कुणी म्हटलं तर बाई म्हणत, "विशेष देव बघेल. साधं सांगा."

त्या म्युनिसिपल शाळेत शिकवत. चिठ्ठीबाई हे नाव त्यांना एका रिवाजामुळे मिळालं. कापणीच्या सणाला गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणून वाहतात. आमच्यात शेत कुणाचंच नव्हतं. बहुतेक गिरणीत, काही इस्पितळांत. म्हणून लोक भोपळे विकत आणत. बाईंना ते पटेना. "भायखळ्याच्या बाजारातलं पीक तुमचं कसं? हाताचं आणा." तेव्हापासून प्रत्येकानं पितळी ताटात चिठ्ठी ठेवायची. तीत दोन ओळी : मला काय येतं आणि ते कुणासाठी. 'शिवणकाम' लिहिणाऱ्याच्या दारात बाई आठवड्याभरात कुणाचं तरी कापड घेऊन उभ्या.

राहेलबाईंची चिठ्ठी दर वर्षी कोरी असे. त्या पूर्वी नर्स होत्या. स्वतःचं मूल तापात गेलं, तेव्हा त्यांनी काम सोडलं. नंतर कुणाच्या कपाळालाही हात लावला नाही. बाई ती कोरी चिठ्ठी निमूट ठेवून घेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आमच्या भागात गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपासना संपत असताना, समोरच्या चाळीतली एक बाई देवळाच्या दारात आली. तिच्या नवऱ्याच्या पोटरीला गोळी चाटून गेली होती. "हॉस्पिटलात नेलं तर थयच पकडतील ओ त्यांना."

मंडळीच्या पंचांपैकी एकानं चिठ्ठीबाईंना बाजूला घेतलं. "बाई, उद्या पोलीस देवळात येतील."

"येऊ देत. पुढचे बाक रिकामेच असतात."

मग त्या राहेलबाईंसमोर गेल्या. "चार वर्षं तुमची कोरी चिठ्ठी ठेवून घेतली, ते माझं चुकलं. वाटलं, दुःखाचा मान राखतेय. खरं तर देवानं दिलेलं जमिनीत पुरून ठेवायला मी मदत करत होते."

"बाई, हे हात माझ्या लेकराच्या उपयोगी पडले नाहीत."

"नाही पडले. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण समोर एक जखम आहे. तिचं उत्तर तुमच्याकडे आहे."

राहेलबाई बाकावरून उठल्या. मग दारातल्या बाईला म्हणाल्या, "पुढे हो. पाणी उकळत ठेव."

माझ्या चिठ्ठीत 'अक्षर चांगलं' असं होतं. म्हणून बाईंनी मलाही चाळीतल्या त्या खोलीत नेलं आणि जखमीच्या गावी, त्याच्या आईला पत्र लिहायला बसवलं. मी दोन ओळी रंगवून लिहिल्या. बाईंनी त्या खोडल्या. "झालं तेवढंच लिहा. तिला तेवढंच हवंय." पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली, तिथंही याहून चांगला धडा मला कुणी दिला नाही.

पोलीस आले नाहीत. राहेलबाई अठरा दिवस तो जिना चढल्या, जखम भरली. पुढच्या सणाला त्यांच्या चिठ्ठीत दोन ओळी होत्या : 'मलमपट्टी. दार वाजवील त्याच्यासाठी.'

बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या आणि दोन वर्षांत तिथंच वारल्या. मुंबई सोडताना ताट त्यांनी राहेलबाईंकडे दिलं होतं. बातमी आली त्या रविवारी गिरणीतला एक नवा माणूस देवळाच्या दारात उभा होता. राहेलबाईंचे डोळे लाल होते. त्यांनी पदर सावरला आणि त्याच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "सलाम. तुम्हाला काय येतं?"