मामाची सुपं

म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत पिळली, तरी मामा आधी गवळ्याची चरवी पालथी करून बघायचा. तळाला पाणी असलं तर? गवळी वैतागून म्हणायचा, सुभेदार, फौजेत तुम्ही शत्रूलासुद्धा एवढं छळलं नसंल. मामा चरवी उजेडाला धरून तळ बघायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हा म्हशी बघायला आलोय असं सांगून नवऱ्या मुलाच्या गावी, गडहिंग्लजला, मुक्काम ठोकून आला. परत येऊन म्हणाला, ‘पोरगं बरं वाटतंय. तरी ध्यान ठेव.’ लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्याचं ते ‘तरी’ काही सुटलं नव्हतं.

नोकरीतली निम्मी वर्षं बर्फात काढलेली, त्यामुळे बर्फावर त्याचा तिळमात्र विश्वास नव्हता. ‘बर्फ आन् पावणं, वरनं कळत न्हाईत,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि गंमत बघा, त्याच बर्फासाठी हा माणूस वर्षभर झुरायचा. कोल्हापुरातल्या आम्हा सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना घेऊन तो दर जानेवारीत हिमाचलात बर्फ तुडवायला जायचा. मामी गेल्यापासून तर उचगावच्या त्या रिकाम्या घरात तेवढ्या एका सहलीच्या जिवावरच त्याचे दिवस जात.

बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद स्नोशू बांधतात. मामा त्यांना सुपं म्हणायचा. नवख्याने कुठली घ्यावीत हे ठरवताना तो अगदी पोलिसी उलटतपासणी घ्यायचा. पहिला प्रश्न वजनाचा. वजन जास्त तर सूप मोठं, आणि वजनात पाठीवरची सॅकही धरायची. पण आपण सांगितलेल्या वजनावर तो कसला विश्वास ठेवतोय! भरलेल्या सॅकसकट गुळाच्या अडतीतल्या काट्यावर उभं राहावं लागायचं. आमच्यातल्या एका बाईंनी साफ नकार दिला, तर ‘मग रुता’ एवढंच म्हणून हा चहा प्यायला निघून गेला. मागून त्या मुकाट्याने काट्यावर चढल्या.

सुपं विकणारा दुकानदार ‘हे सगळीकडं चालतंय’ म्हणाला की मामाचे डोळे बारीक व्हायचे. ‘सगळीकडं चालतंय म्हंजे कुटंच धड चालत न्हाय.’ ताज्या, भुसभुशीत बर्फाला मोठं सूप. कडक बर्फाला आटोपशीर, पण खाली दाते असलेलं. चढ असेल तर कडेलाही दाते आणि टाचेखाली उभी करता येणारी दांडी हवी. सपाट रानात हिंडणाऱ्याने मात्र असल्या भारी सुपाच्या नादी लागू नये, हलकं घ्यावं.

आता सरावाला कोल्हापुरात बर्फ कुठून आणणार? मलकापूरला मित्राच्या भातगिरणीमागे तुसाचा डोंगर असायचा, तो आमचा ताजा बर्फ. वाटेवरच्या पठाराचा कातळ, तो कडक बर्फ. गिरणीतली माणसं हातचं काम टाकून आमची वरात बघायला यायची. कोण किती रुततोय ते मामा उकिडवा बसून बघायचा, एकेकाचा पट्टा ओढायचा, आणि बसलाय बरोबर म्हणून सांगितलं तरी पुन्हा ओढायचा.

मामा वारला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला त्याचाच संशय आला. त्याच्याच हाताखाली शिकलेली मी! त्या वर्षीची हिमाचलातली वाट चढाची होती, बर्फ कडक लागणार होता. सगळ्यांना त्याने दात्यांची सुपं दिली आणि स्वतःला घेतली मोठी, सपाट, बिनदात्यांची. विचारलं तर म्हणाला, मला सवय हाय. सवय? हा माणूस सवयीवर कधी विसंबला होता? मग मलकापूरच्या सरावात मी त्याच्यावर नजर ठेवली. कातळावर जायचं त्याने टाळलं. चालताना सारखा खाली बघत होता. तुसातून बाहेर येऊन त्याने बूट काढला, तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटात खडा शिरून टाच सोलून निघाली होती, आणि हा चहा आला का म्हणून विचारत होता.

मी त्याच्याशेजारी बसले. ‘मामा, पायाचं कधीपासनं कळंना झालंय?’

तो मोज्याला चिकटलेलं तूस झटकू लागला. मग हळूच म्हणाला, ‘साखर वाढल्यापासनं. रुंद असलं म्हंजे तोल जायाचा न्हाई वाटलं. कुणाला सांगू नगंस.’ जगाची चरवी पालथी करणारा माणूस मला डोळेझाक करायला सांगत होता. मी त्याची टाच पुसायला घेतली, तेव्हा त्यानेच विचारलं, ‘असल्या पायाच्या माणसाला मी नेला असता का गं?’

‘न्हाई,’ मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि ती सपाट सुपं माझ्याकडे सरकवली. ‘मग तू ने मंडळीला.’

गेलो आम्ही. वरून मी त्याला फोन केला आणि धडधडीत खोटं बोलले. यंदा काही राम नाही, नुसतं धुकं आणि चिखल, आला असतास तर पस्तावला असतास, असं सांगितलं. आता हा खोदून खोदून विचारणार म्हणून उत्तरंही जुळवून ठेवली होती.

‘व्हय? मग बरं झालं न्हाई आलो,’ मामा म्हणाला. ‘जपून उतरा.’ आणि फोन ठेवला.

नंतर ग्रुप उघडला, तर आमच्यातल्या कुणीतरी सकाळीच फोटो टाकलेले. निळंभोर आभाळ, उन्हात चमकणारा पांढराशुभ्र चढ, आणि आम्ही सगळे दात काढून उभे. खाली मामाचा अंगठा होता, माझ्या फोनच्या कितीतरी आधीचा.