एकपानी काकांचं जाड वर्ष

एक प्रश्न विचारते, आणि उत्तर देण्याआधी जरा थांबा. तुम्ही रोज ज्यांच्यासोबत उठता-बसता, मोर्चात चालता, चहा पिता, त्यांच्यापैकी एखादी जुनी, जाड कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं कोण आहे? परीक्षेसाठी सारांश पाठ केलेला माणूस नको. पुस्तक हातात धरून पुरं केलेला पाहिजे. नाव आठवून पाहा. माझ्या ओळखीत असा एकच माणूस होता, आणि त्याचंही शेवटचं पुस्तक राहून गेलं.

आम्ही त्यांना एकपानी काका म्हणायचो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या गेटबाहेर ज्यांनी कधी पत्रक घेतलं असेल, त्यांनी काकांचं लिखाण वाचलेलंच आहे. खाली नाव युनियनचं असायचं, मजकूर काकांचा. आणि मजकूर कधीही एका पानाबाहेर जायचा नाही. "गडी बस पकडायला निघालेला असतो," ते सांगायचे. "चालता चालता वाचून झालं पाहिजे. पान उलटायला लावलं की चुरगाळून फेकतोय." माझे वडील, अण्णा, युनियनच्या कमिटीत. त्यामुळे आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे भांड्यांपेक्षा जास्त. शाळेत 'कमळ' शिकवायला घेतलं, तेव्हा मला 'निषेध' वाचता येत होतं. माझी सगळी मराठी काकांनी एका पानात बसवलेली आहे. ठिणगीसारखी छोटी वाक्यं, शत्रू एक, मागण्या चार.

ते निवृत्त झाले तेव्हा युनियनच्या खोलीत छोटा कार्यक्रम झाला. शाल-श्रीफळ दिलं, फुटाणे वाटले. काकांना बोलायला लावलं. ते उठले आणि म्हणाले, "मी सगळा जन्म एका पानाच्या आत बोललो. आता एक साल दुसऱ्याचं लांबलचक ऐकून घेतो. ह्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत मी पत्रक लिहिणार नाय. जुनी जाड पुस्तकं वाचणार. लोक ज्यांना लई मोठी म्हणतात तसली. आपली पण, अन् परमुलखातून मराठीत आलेली पण." लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, झोप लई येईल." काका म्हणाले, "तर झोपू. सेकंड शिफ्टला कोण झोपलं नव्हतं सांगा."

वाचनही त्यांनी शिफ्टमध्येच केलं. दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला आंघोळ, स्वच्छ शर्ट, काकूंच्या हातचा डबा, आणि बसच्या जागी पायी. जुन्या शहरातलं वाचनालय उघडण्याआधीच ते पायरीवर बसलेले असायचे. कारखान्यात जेवणाची सुट्टी व्हायची त्याच वेळी पुस्तक मिटायचे आणि बाहेरच्या ओट्यावर डबा खायचे. समोरचा चहावाला त्यांना विचारायचा, "क्या चाचा, आज कित्ते पन्ने का लोड है?" काका तोंडातला घास न गिळताच हातानं जाडी दाखवायचे. काकू आम्हाला सांगायच्या, "बाई, आधी पगार तरी आणायचे. आता डबा नेतात अन् येताना सून कशी जळली ते सांगतात. मी म्हणलं, कोणाची सून? तर म्हणे पुस्तकातली. माझा जीवच गेला होता."

त्यांचे नियम दोनच होते. पुस्तक अर्धं सोडायचं नाही, आणि शेवट कुणी सांगायचा नाही. ग्रंथपाल बाईंनी एकदा सहज म्हटलं, "हे दुःखान्त आहे हं." तर काका त्या बाईंशी दोन दिवस बोलले नाहीत. "मी एवढ्या लांबून पायी येतोय," ते मला म्हणाले, "अन् ह्यांनी गाव यायच्या आधीच सांगितलं की गावात कुणी नाय."

पण त्यांची खरी खोड वेगळी होती. काका दौलताबादच्या बाजूचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांचे वडील सकाळी काट्याकुट्यांच्या वाडग्यातून मेंढरं बाहेर सोडताना एकेक मोजून सोडायचे. काका पुस्तक उघडण्याआधी तेच करायचे. डोळे मिटून, एकेक बोट दुमडत, कादंबरीतली सगळी माणसं मोजायचे. "थोरला हाय. त्याची बायको हाय. दिवाण हाय, पण त्याचं काही खरं नाय. आंधळी म्हातारी हाय." एखादं पात्र बरेच दिवस दिसलं नाही की ते बेचैन व्हायचे. मागची पानं उलटून शोधायचे, ते शेवटचं कुठं दिसलं होतं. ह्या पद्धतीमुळे त्यांचं वाचन फार हळू चालायचं. ग्रंथपाल बाई म्हणायच्या की ह्या वेगानं वर्षात कपाटाचा एक खणही व्हायचा नाही. काकांना खण पुरा करायचाच नव्हता. त्यांना कुणी मागं राहू द्यायचं नव्हतं.

माझं ह्यावरून त्यांच्याशी कडाक्याचं भांडण व्हायचं. मी तेव्हा नुकतीच लिहायला लागले होते आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायचे: तू कुणाच्या बाजूचं? मी म्हणायचे, "काका, ह्या जमीनदारांच्या, दिवाणांच्या गोष्टी. ह्यांच्या रडण्यात आपण कामून वाटेकरी व्हायचं?"

"तू वाचलं का ते?"

"त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"मॅनेजरसाहेब पण असंच म्हणायचे," काका म्हणाले. "आमचं निवेदन हातात घ्यायच्या आधी."

मी त्या दिवशी उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डब्यात धपाटं जास्त आणलं होतं. ते खात आम्ही दिवाण ह्या माणसाबद्दल तासभर बोललो.

माघ सरत आला तेव्हा त्यांनी वर्षातलं शेवटचं पुस्तक घेतलं. तीन खंडांची कादंबरी, कुठल्या तरी थंड मुलखातून, दोन भाषांतरं ओलांडून मराठीत आलेली. नदीच्या पाण्यावर हक्क सांगणारं एक घराणं, ह्यातही एक थोरला आणि एक दिवाण, आणि त्या घरात पाणी भरणाऱ्या पाणक्याची एक पोरगी. दुसऱ्या खंडात पूर येतो. सगळे माडीवर जातात. लेखक थोरल्याचं सांगतो, दिवाणाचं सांगतो, घोड्यांचंसुद्धा सांगतो. पोरीचं काहीच सांगत नाही. काका तिथं अडकले. रोज सकाळी बोटं दुमडताना पोरीच्या बोटाशी येऊन थांबायचे. "ती पोरगी नाय सापडली अजून. पण लेखक विसरला नसणार. एवढा मोठा माणूस असा कसा विसरेल? तिसऱ्यात येईल बघ."

तिसरा खंड त्यांनी उघडला आणि त्याच आठवड्यात वाळूजच्या एका कारखान्यानं कंत्राटी कामगारांची एक अख्खी पाळी गेटबाहेर काढली. सकाळी पोरं बसमधून उतरली, तर गेटवर सुपरवायझर उभा. त्यानं नावं वाचली आणि सांगितलं, आजपासून येऊ नका.

अण्णा वाचनालयात गेले. मीही सोबत होते. काकांच्या पुढ्यात तिसरा खंड उघडा होता. अण्णा त्यांना दादा म्हणत. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, पाडव्याला थोडेच दिवस हायत, मला माहीत हाय. पण तुमच्याबिगर कोण लिहिणार?"

काकांनी चालू ओळ पुरी वाचली. मग डब्याबरोबर आणलेलं युनियनचं एक जुनं पत्रक त्यांनी घडी करून पानांत ठेवलं आणि पुस्तक मिटलं. "बाई, हे कुणाला देऊ नका," ग्रंथपाल बाईंना एवढंच म्हणाले. वर्षात पहिल्यांदाच ते जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर पडले.

त्यांनी दोन दिवस त्या पोरांच्या खोल्यांवर जाऊन एकेकाचं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी युनियनच्या खोलीत पत्रक वाचून दाखवलं. मी टाइप करायला बसले होते. पत्रक एका पानाचं नव्हतं, चांगलं सात-आठ पानांचं होतं. त्यात सिल्लोडचा एक पोरगा होता, ज्याच्या घरच्यांना अजून वाटत होतं की तो कायम झाला आहे. एका गाडीवर येणारे दोन भाऊ होते, एकच हेल्मेट जाताना एक आणि येताना दुसरा घालणारे. काढलेला प्रत्येक जण त्यात होता. काकांनी एकेकाला मोजून सोडलं होतं. आणि नावं वाचणारा तो सुपरवायझरही होता.

वाचून झालं. मग अण्णा म्हणाले, "दादा, लई चांगलं हाय. पण लई लांब हाय."

"माणसंच तेवढी हायत," काका म्हणाले.

सरचिटणीस जरा चिडलाच. "अन् ह्यो सुपरवायझर कामून घेतला? त्याचा आवाज कापत होता म्हणं. कापू द्या की. आपण काय त्याची वकिली घेतलीय?"

"वकिली नाय. कापत होता, म्हणून लिहिलं. पोरांनीच सांगितलं मला."

"काका, एका पानाचा नियम तुमचाच हाय."

"व्हय," काका म्हणाले. "माझाच हाय."

त्यांनी कागद अण्णांपुढं सरकवले आणि खिडकीशी जाऊन बसले. अण्णा पेनानं रेघा मारत गेले, उरलं तेवढं मी टाइप करत गेले. आधी सुपरवायझर गेला. मग हेल्मेट गेलं. मग सिल्लोडच्या पोराचं घर गेलं. शेवटी एका पानात चार मागण्या आणि एक शत्रू राहिला. ते वाईट पत्रक नव्हतं. मला आजही असं वाटतं की गेटवर तेच चालतं. पण माणसं बाहेर काढली म्हणून लढणारे आम्ही, पहिलं काम काय केलं तर कागदावरून माणसं काढली. ती लांब पानं पुढं कुठं गेली, कुणालाच माहीत नाही. खोलीच्या झाडलोटीत गेली असतील.

काका रुसून घरी बसले असते तर बरं झालं असतं. ते दुसऱ्या दिवशी कापलेलं पत्रक घेऊन गेटवर आले. फाल्गुनातलं ऊन भाजून काढत होतं. शिफ्ट सुटली, गडी चालता चालता वाचत होते, काही खिशात घालत होते. गठ्ठा संपत आला तेव्हा काका भिंतीला टेकून खाली बसले आणि मग त्यांना उठता येईना. रिक्षात घातलं तेव्हा हातात उरलेली पत्रकं सोडत नव्हते.

दवाखान्यात आम्ही सगळे जाऊन आलो. अख्खी चळवळ जाऊन आली म्हणा. एकेकालाच आत सोडत. अण्णा आधी गेले. बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाले, "दादा भ्रमात हायत. विचारतात, ती पोरगी सापडली का." सरचिटणीस गेला, त्यालाही तेच विचारलं. त्याला वाटलं, काका सासरी असलेल्या लेकीचं विचारतायत; त्यानं समजूत घालायला सांगितलं, "तुमची मुलगी निघालीय गावाहून, येतेच." काकांनी मान हलवली, नाही अशी.

मी आत गेले तेव्हा ते डोळे मिटून बोटं हलवत होते. मला बघून म्हणाले, "तू तरी वाचलंय का गं?"

ज्या माणसानं शेवट ऐकू नये म्हणून दोन दिवस अबोला धरला, तो आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला शेवट विचारत होता. आणि एवढ्या वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या, भाषणं ठोकणाऱ्या लोकांत ते पुस्तक वाचलेलं एकही माणूस नव्हतं. मी म्हणाले, "मी आणते काका. इथं बसून वाचते." ते म्हणाले, "आण. घडी घातलीय तिथून." मी धावत वाचनालयात गेले. दाराला कुलूप होतं, आठवड्याची सुट्टी. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तेव्हा आम्ही काकांना घेऊन स्मशानात होतो. पाडवा चार दिवसांवर होता.

ग्रंथपाल बाईंनी ते पुस्तक अजून कुणाला दिलेलं नव्हतं. मला दिलं. मी पहिल्या खंडापासून वाचलं, रोज सकाळी बोटं दुमडत, सगळ्यांना मोजत. मधे मधे त्या लेखकावर भयंकर संतापले, दिवाणासाठी एकदा रडले, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ज्याला सांगायचं तो गेला होता. घडीच्या पानाशी पोचले तेव्हा दोन दिवस पुढं सरकताच येईना. मग पुरं केलं. अण्णांनी विचारलं, "सापडली का ती?" मी म्हणाले, "वाचा." आता पहिला खंड त्यांच्याकडे आहे. ते फार हळू वाचतात.

ती पोरगी सापडते की नाही, हे मी तुम्हालाही सांगणार नाही. तो काकांचा नियम आहे. पण एक मागते. ह्या पाडव्याची वाट न बघता, उद्याच, तुमच्या जवळच्या वाचनालयात जा. कपाटातलं बरेच वर्षांत कुणी न नेलेलं एक जुनं, जाड पुस्तक घरी आणा. कुणाला मागं न सोडता, शेवटच्या पानापर्यंत वाचा. शेवट कुणाला सांगू नका, पण लक्षात ठेवा. कधीतरी कुणी आजारी माणूस दारात आलेल्या प्रत्येकाला विचारत असेल, आणि त्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर तुम्ही बसलेले असायला हवे.