गुडघ्यावरचा बिब्बा

चूक माझीच होती. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा मी लावला.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. उकिडवी बसून सोंगताना ती वळली आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ निघाली. "आत काहीतरी अडकून राह्यलं," ती म्हणाली. मी हसलो. "सोंगणी आली का बरा दुखते तुहा गुडघा!" आमच्याकडे दुखऱ्या सांध्याला बिब्ब्याचं तेल लावतात. संध्याकाळी तेच तापवून लावलं.

सकाळी गुडघ्यावर मोठे फोड होते, सूज वाढली होती आणि पाय सरळ होत नव्हता. ऑटोतून वाशिमला जाताना माझ्या मनात एकच होतं. पाय कापावा लागला तर?

डॉक्टरांनी तपासलं, एमआरआय करून घेतला. म्हणाले, "गुडघ्यात दोन हाडांमधली गादी फाटली आहे. उकिडवं बसून वळलं की होतं असं. बिब्ब्यानं नुसती कातडी जाळली. जखमेतून जंतू सांध्यात गेले असते तर कठीण होतं."

आधी आराम, मग व्यायाम, उकिडवं बसणं बंद. तरीही पाय अडकला तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

बाहेर बाकावर ती म्हणाली, "बिब्बा आनखी उरला असन ना घरी? दुसऱ्या पायाले लावा."

मला हसू आलं नाही. सगळ्यांसमोर मी तिच्या पायाशी बसलो. "माह्यं चुकलं. तू सांगत होती, मी आयकलं नाही. मले माफ कर."