काकूनं लुटलेलं वाण

काल भोपाळच्या प्रदर्शनात काकांची चित्रं टांगणारा माणूस म्हणाला, "मॅडम, पीछे हल्दी लगी है, पोंछ दूँ?"

"हाथ मत लगाना!" मी ओरडलेच.

ती पिवळी बोटं काकूची. काका गेल्यानंतरची पहिलीच संक्रांत होती. बरखेड्याला, कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये आईचं हळदीकुंकू चाललं होतं. काकू काकांची चित्रं घेऊन आली आणि तिळगुळाच्या वासात टर्पेंटाइनचा वास मिसळला. "वाण म्हणून ही लुटायची," म्हणत तिनं आईच्या हातातून करंडा घेतला. विधवेनं हळदीकुंकू लावायचं? एकदोघी मागे सरकल्या. मग शेजारच्या जोशीबाईंनी कपाळ पुढे केलं. "लावा हो, वहिनी."

"काकांची चित्रं अशी वाटून टाकायची?" मी रडवेली झाले होते.

"वाण कुणी टाकून देत नाही, राणी," काकू म्हणाली आणि हळदीच्या हातानंच चित्रं देत सुटली.

पुढे कारखान्यातल्या लोकांच्या बदल्या झाल्या. चित्रं गावोगावच्या भिंतींवर पोचली आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "हे कुणी काढलं?" काकांचं नाव झालं ते असं. आता त्याच घरांतून चित्रं परत आलीत.

"सीधा ही टाँगूँ ना?" त्या माणसानं विचारलं.

क्षणभर वाटलं, हळदीची बाजू पुढे करून उलटंच टांग म्हणावं.