जुन्या व्हर्जनवर बोलणारी आई

आमच्या घरात आई लॅपटॉपमधून बोलते. अर्धांगवायूच्या झटक्यात तिची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि मी तिच्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तिच्या मांडीवर जुना कीबोर्ड असतो, त्याच्या मोजक्या बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या आहेत. डाव्या हातानं लाल टिकली दाबली की 'मले पाणी दे', निळी दाबली की 'पंखा लाव', पिवळी म्हणजे 'दुखून राहिलं' आणि हिरवी म्हणजे 'काहून वं?' सगळी वाक्यं माझ्या आवाजात आहेत. आधी मशीनचा तयार आवाज लावून पाहिला होता, पण तो बातम्या दिल्यासारखा बोलायचा आणि आई तोंड वाकडं करायची. महाल भागातल्या दुकानात साड्यांना फॉल लावता लावता गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलतं करणारी बाई ती. साहजिकच हिरवी टिकली सगळ्यात आधी झिजली. दिवसभर माझ्याच आवाजात मला 'का गं?' असा जाब विचारला जातो.

हा प्रोग्राम पायथन या संगणकाच्या भाषेच्या जुन्या व्हर्जनवरच चालतो. त्यातला आवाज वाजवणारा भाग नव्या व्हर्जनला पचत नाही. आणि सोमवारपासून मला घरून करायची नवी नोकरी लागली होती, तिथं नवंच व्हर्जन हवं होतं. लॅपटॉप मात्र एकच. मग कळलं की एक साधन मिळतं, ते एकाच मशीनवर दोन्ही व्हर्जन नांदवतं. एका घरात दोन चुली आणि भांडण नाही, असं त्याचं वर्णन वाचून मला हायसं वाटलं. माझा स्वभाव मूळचाच धास्तीचा. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून परत वर येते. तरी त्या रविवारी कुणी तरी व्हिडिओत सांगितलं की आधी जुनं काढून टाका, नाहीतर गोंधळ होतो, आणि मी दिवाळीची साफसफाई काढल्यासारखं ते काढून टाकलं.

"आई, जरा वेळ तुहं मशीन बंद ठेवून राहिली," मी म्हटलं. "लगेच होते."

साधन नीट बसलं. नवं व्हर्जनही पटकन आलं. मग जुनं मागवलं, तर ते तयार मिळेना, ते मूळ कोडवरून माझ्याच मशीनवर बांधून काढावं लागणार होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, खिडकीला ओला पडदा. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि मशीन हात लावू देईना. ते मध्येच बंद पडलं तर काय, म्हणून मी आईच्या पलंगाकडचा कूलर लॅपटॉपकडे वळवला. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि शेवटी लाल अक्षरांत अडकल्या. जुन्या व्हर्जनला लागणारं काही तरी आता मिळतच नव्हतं.

उद्या आई काय करेल, दुखलं तर कसं सांगेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. मागे बटणाची टकटक सुरू झाली.

"थांब नं वं आई, करून राहिली नं मी!"

टकटक थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. बराच वेळ काहीच आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं. आई डाव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती, आणि एकटक त्यांच्याकडे बघत होती. झटका आला त्या सकाळी तिनं उजव्या हाताकडे असंच पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, हाही गेला.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "तुह्या हाताले काही नाही झालं वं. मशीन बिघडलं. माह्यानंच बिघडलं." तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्या डोळ्यांत बघत बटण दाबून दाखवलं. दाबूनही आवाज येत नाही, हेच ती सांगते आहे असं मी समजले. "हो वं, तेच करून राहिली," म्हणत मी पुन्हा लॅपटॉपपुढे बसले.

शेवटी त्याच जुन्या पिढीतलं थोडं पुढचं व्हर्जन चाललं. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी प्रोग्राम सुरू केला.

"दाब आता," मी म्हटलं.

आईनं लाल टिकली दाबली. 'मले पाणी दे,' खोलीत माझा आवाज आला. तिनं लगेच पुन्हा तीच दाबली. 'मले पाणी दे.' पुन्हा तीच.

मघाशी तिनं माझ्या डोळ्यांत बघत दाबली होती तीही लालच. ते बोट मी पाहिलं होतं. लाल टिकली बघायला कुठलंच व्हर्जन लागत नव्हतं.

माठातून पेला भरून मी तिच्या ओठांना लावला. तिनं तो श्वास न घेता संपवला, मग दुसराही. पदरानं मी तिची हनुवटी पुसली. मग तिचं बोट सावकाश हिरव्या टिकलीवर गेलं आणि माझाच आवाज मला म्हणाला, 'काहून वं?'

मला रडू आलं. मी उठले आणि कूलर तिच्याकडे वळवला.