कोंबडीशिवाय परत जाणार नाही

लोंग यिंगहुआशी भांडायचं असेल तर यानच्याय गावातली माणसं आधी पोटभर जेवून घेत. साठी उलटली तरी तिच्या तोंडाला लगाम घालणारा कुणी भेटला नव्हता.

गावाची रीत अशी, की मूल झालं की जावयानं स्वतः सासुरवाडीला वर्दी द्यायला यायचं. मुलगा झाला तर कोंबडा घेऊन, मुलगी झाली तर कोंबडी. माहेरच्यांनी मग कोंबड्याला कोंबडी, कोंबडीला कोंबडा असा जोडीदार द्यायचा. यिंगहुआच्या लेकीला, छायश्याला, गुइयांग शहरात मुलगी झाली, पण जावई आलाच नाही. फोनवर नुसती एक ओळ आली, बाळ-बाळंतीण ठीक. लेकीनं मागाहून रडत सांगितलं, सासूबाई म्हणाल्या, मुलीचं काय एवढं मिरवायचं, पुढच्या खेपेला बघू.

यिंगहुआच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंगणातला सगळ्यात माजोरी कोंबडा पकडून तिनं पाठीवरच्या टोपलीत घातला.

"वर्दी आल्याशिवाय माहेरच्यांनी जायचं नसतं," नवरा म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत! नातीची लाज त्यांना वाटते, आणि तोंड मी लपवू?"

जलद गाडीच्या स्टेशनावर तपासणीवाल्या पोरीनं टोपलीत डोकावून पाहिलं. "मावशी, जिवंत पक्षी चालत नाही. कापून आणा."

"तुझ्या लग्नात कापीन," म्हणत यिंगहुआ वळली आणि थांबत थांबत जाणाऱ्या हिरव्या गाडीत बसली. तिथं बदकंही होती, मुळ्याचे भारेही होते, कुणाला कुणाचं काही नव्हतं. गुइयांगला बसवाल्यानंही चढू दिलं नाही, तेव्हा ती पत्ता विचारत चढावर चालत गेली.

"अगंबाई, विहीणबाई! कळवायचं तरी," दार उघडून जावयाची आई म्हणाली.

"कळवायचं तुम्ही होतं."

विहीणबाईंनी विषय बदलला. "कोंबडा झकास आहे हो. आजच सूप करू."

"हात लावायचा नाही! हे उत्तर आहे. माझी कोंबडी कुठंय?"

जावई फांग च्वुन चाचरत म्हणाला, "आई, मी तुमचं परतीचं जलद गाडीचं तिकीट काढतो. आरामात जाल."

"कोंबडीशिवाय मी हलणार नाही. आणि ती मी नाही नेणार, तू आणणार."

तिनं बाहेरच्या खोलीत पथारी पसरली. लेकीला रोज गोड भातदारूत अंडी शिजवून घालायची, नातीला न्हाऊ घालायचं, आणि पहाटे गॅलरीत कोंबड्यानं आरवायचं. अख्खी इमारत जागी व्हायची. शेजारी तणतणत आले की यिंगहुआच दार उघडे. "नात झालीय आम्हाला, म्हणून आलाय तो." भांडायला आलेल्या माणसाला अभिनंदन करूनच परतावं लागे. एक म्हातारा तर बाळाला बघून मूल झाल्यावर वाटायची लाल अंडी मागायला लागला, आणि घरात एकही रंगवलेलं नव्हतं. विहीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्या मंडईतून स्वतः कोंबडी घेऊन आल्या आणि मुलाच्या हातात दिली.

कोंबडी असल्यावर जलद गाडी कुठली! फांग च्वुन ऑफिसच्या कपड्यांत यिंगहुआबरोबर हिरव्या गाडीत बसला. कोंबडीनं त्याची विजार घाण केली.

"मुलगी झाली वाटतं?" समोरच्या बदकवालीनं विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. यिंगहुआनं त्याच्या वतीनं उत्तर दिलं नाही.

गावाच्या तोंडाशी ती मुद्दाम मागं राहिली. मका सोलणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. "जावईबापू, काय झालं?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," मागून यिंगहुआ म्हणाली. "वर्दी आहे ती, चोरी नाही."

तो थांबला. त्यानं कोंबडी छातीशी नीट धरली. "मुलगी! मला मुलगी झाली!" त्याचा आवाज फाटला, कुत्री भुंकायला लागली.

यिंगहुआच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला. नवरा दारात आ वासून उभा होता.

"बघत काय राहिलात?" ती ओरडली. "फटाके लावा!"